उपग्रहावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब: माझे कक्षेचे भाकीत तीन-चार मीटरवर का अडते?

सह्यकडा
व्यवसायाने मी साखर कारखान्यात लेखापाल आहे आणि गेली दोन वर्षे रात्रीच्या वेळी हौसेखातर उपग्रहांच्या कक्षांचे गणित मांडत बसतो. हिशेब न जुळणे मला सहन होत नाही, म्हणून हा धागा.

जीपीएसचा एक उपग्रह निवडला. आयजीएस ही आंतरराष्ट्रीय सेवा या उपग्रहांची अचूक स्थाने दर पंधरा मिनिटांच्या अंतराने सर्वांसाठी खुली ठेवते, त्यातून सुरुवातीचे स्थान आणि वेग घेतला. पृथ्वीचे गुरुत्व तिच्या सपाटपणासह आणि इतर उंचसखलपणासह घेतले, चंद्र-सूर्याची ओढ घेतली, आणि चोवीस तासांनंतरचे स्थान काढून खऱ्या स्थानाशी ताडून पाहिले. फरक निघाला सुमारे दीडशे मीटर. मग लक्षात आले की सूर्यप्रकाशाचा दाब धरलेलाच नाही. उपग्रह म्हणजे एक गोळा असे समजून एकच गुणांक घातला आणि तो आदल्या दिवसाच्या आकड्यांवरून जुळवून घेतला, तेव्हा फरक तीन-चार मीटरांवर आला. त्याच्या खाली मात्र काही केल्या जात नाही. उरलेली चूक बहुतेक सगळी उपग्रहाच्या गतीच्या दिशेने आहे. यापुढे काय करावे?

फळ्यावरचा_खडू
उत्तर जाणकार देतीलच. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून वाचकांसाठी आधी मुळाचे थोडे लिहितो. पृथ्वीपाशी, वातावरणाच्या बाहेर, सूर्याची ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट मिळते. तिला प्रकाशाच्या वेगाने भागले की दाब मिळतो आणि तो चौरस मीटरला एका न्यूटनच्या साडेचार दशलक्षांश इतका भरतो. म्हणजे मीटरभर लांबीरुंदीच्या काळ्या पत्र्यावर सगळे ऊन मिळून खसखशीच्या एक-दोन दाण्यांच्या वजनाएवढे रेटते. पत्रा आरशासारखा असेल तर रेटा दुप्पट होतो, कारण कॅरमचा स्ट्रायकर कडेला आपटून परत येतो तेव्हा कडेला बसणारा धक्का तो तिथेच चिकटला असता तर बसला असता त्याच्या दुप्पट असतो.

हा दाब रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेबेदेव यांनी १९०० च्या सुमारास प्रयोगशाळेत मोजून दाखवला. १९५८ मध्ये सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ या दीड किलोच्या चिमुकल्या गोळ्याची कक्षा अपेक्षेपेक्षा वेगळी सरकू लागली, तेव्हा तो आकाशातही जाणवला. १९६० साली सोडलेला एको-१ हा तीस मीटर व्यासाचा फुगा तर वजनाने इतका हलका होता की उन्हाने त्याची कक्षा उघड उघड लंबगोल केली.

उनाडपक्षी
खसखशीच्या दोन दाण्यांनी दीडशे मीटर? आमच्याकडे अख्ख्या अनारशाने माणूस जागचा हलत नाही.

म्युनिकवासी
उनाडपक्षी, अनारसा खाल्ल्यावर माणसाला जमीन धरून ठेवते, उपग्रहाला धरायला तिथे काहीच नाही. जीपीएसच्या उपग्रहावर उन्हामुळे येणारे त्वरण दर सेकंद-वर्गाला मीटरच्या साधारण एक कोटीव्या भागाइतके असते. ते सतत एकाच दिशेने लागू राहिले असते तर चोवीस तासांत पावणेचारशे मीटर सरकले असते. प्रत्यक्षात उपग्रह दिवसातून दोनदा पृथ्वीभोवती फिरतो, त्यामुळे बराचसा रेटा परस्पर फिटतो आणि सह्यकडा यांना मिळाले तसे शे-दीडशे मीटर उरतात.

आता मूळ प्रश्न. मी इथे भूमापनशास्त्रात काम करतो आणि हाच विषय रोज हाताशी असतो, त्यामुळे उत्तर लांबेल. तुमच्या मॉडेलमधला गोळा उन्हाला नेहमी तेवढीच पाठ दाखवतो. खरा उपग्रह म्हणजे एक पेटी आणि तिला दोन सौर पंख. पेटीची एक बाजू सतत पृथ्वीकडे असावी लागते, कारण अँटेना त्या बाजूला आहेत, तर पंख सूर्याकडे असावे लागतात. दोन्ही साधण्यासाठी उपग्रह पृथ्वीकडे जाणाऱ्या अक्षाभोवती सावकाश वळत राहतो आणि पंख आपल्या दांड्यावर फिरतात. त्यामुळे पंखांवरचा रेटा जवळपास स्थिर राहतो, पण पेटीची कधी पाठ, कधी कूस, कधी पोट उन्हात येते, आणि प्रत्येक बाजूचा रंग, चकाकी आणि क्षेत्रफळ निराळे असते.

यावर दोन वाटा निघाल्या. पहिली वाट अशी की प्रत्येक पृष्ठभाग किती प्रकाश शोषतो, किती आरशासारखा परत पाठवतो आणि किती विखुरतो हे माहीत करून घेऊन बेरीज करायची. रॉकवेल कंपनीच्या उपग्रहांसाठी केलेली जुनी ‘रॉक’ मॉडेल्स याच पठडीतली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये तर उपग्रहाच्या संगणकी प्रतिकृतीवर असंख्य किरण सोडून कोणता किरण कुठे आपटतो, कुठल्या भागाची सावली कुठे पडते, हे काढले गेले. दुसरी वाट स्वित्झर्लंडमधल्या बर्नची. तिथल्या मंडळींनी १९९४ मध्ये सुचवले की उपग्रहावरून तीन दिशा ठरवाव्यात: एक सूर्याकडे, दुसरी पंखांच्या दांड्याच्या बाजूने आणि तिसरी या दोघींना काटकोनात. प्रत्येक दिशेत एक स्थिर आकडा आणि कक्षेच्या फेरीबरोबर वरखाली होणारे आणखी काही आकडे धरून ते निरीक्षणांतूनच काढावेत. हे ‘ईकॉम’ मॉडेल आजही जगभर चालते.

तुम्ही या तीन दिशांचे तीन स्थिर आकडे आणि तिसऱ्या दिशेत फेरीगणिक बदलणारे दोन, असे पाच आकडे घेऊन पाहा. दुसऱ्या, दांड्याच्या दिशेत खरे तर सूर्याचा रेटा येण्याचे कारणच नाही, तरीही जीपीएसच्या उपग्रहांवर तो बारीकसा येतो. पंखांच्या बसवणीतला किंचित कल किंवा एका बाजूने जास्त बाहेर पडणारी उष्णता, अशी कारणे मांडली गेली आहेत. कारण काहीही असो, तो आकडा सोडून चालत नाही.

शंकेखोर
मला एक कळत नाही. आकडे निरीक्षणांतून काढून काम भागत असेल, तर पत्र्याची चकाकी मोजण्याचा आणि संगणकावर किरण सोडण्याचा खटाटोप कशासाठी? पाचाने भागले नाही तर नऊ घ्यावेत, नवाने नाही तर वीस. शेवटी स्थान बरोबर आले म्हणजे झाले. हल्ली तर यंत्राला उदाहरणे देऊन शिकवताही येते.

सह्यकडा
शंकेखोर, आमच्या भाषेत याला सस्पेन्स खाते म्हणतात. ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती तिथे टाकली की ताळेबंद जुळतो. पण लेखापरीक्षक पहिला हात त्याच खात्याला घालतो.

म्युनिकवासी
उपमा नेमकी आहे, आणि त्या सस्पेन्स खात्यात काय काय जमा झाले होते तेही सांगतो. जीपीएसच्या कक्षांची पातळी अवकाशात हळूहळू मागे सरकते, वर्षाला साधारण चौदा अंश. त्यामुळे सूर्याच्या संदर्भात तीच स्थिती ३६५ दिवसांनी न येता सुमारे ३५१ दिवसांनी परत येते. जमिनीवर पक्क्या खांबावर बसवलेल्या स्थानकांची वर्षानुवर्षांची स्थाने तपासली, तर त्यांत ३५१ दिवसांची आणि तिच्या निमपट, तिपटीने आखूड अशा आवर्तनांची लय सापडली. आता बेंगळुरूच्या किंवा हैदराबादच्या खडकाला ३५१ दिवसांनी वरखाली होण्याचे काहीही कारण नाही. पाऊस, भूजल, हवेचा दाब यांची लय ३६५ दिवसांचीच असणार. म्हणून ही लय उपग्रहांच्या कक्षांमधून आली असली पाहिजे, आणि तिच्या प्रमुख संशयितांमध्ये उन्हाच्या रेट्याचे अपुरे मॉडेल आहे.

उलटही घडते. तुम्ही जितके मोकळे आकडे ठेवाल तितके ते दुसऱ्यांचे श्रेय लाटतात. पृथ्वीच्या फिरण्यातला बारीक फरक, पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राचे हलणे, असल्या खऱ्या गोष्टी त्या आकड्यांत मुरून जातात आणि मग शोधूनही सापडत नाहीत. वीस आकडे घेऊन स्थान बरोबर येईल, पण ते ‘काल’चे स्थान. उद्याचे भाकीत करताना तेच आकडे पुढे न्यावे लागतात, आणि सूर्याचा कोन बदलला की ते पार कोसळतात.

शंकेखोर
हे पटले. पण पहिली वाट तरी कुठे निर्मळ आहे? पृष्ठभागांची माहिती उपग्रह बनवणाऱ्याकडे असते आणि तो ती देत नाही. दिलीच तरी ती कारखान्यातून बाहेर पडतानाची असते. दहा वर्षे कडक उन्हात राहिल्यावर आवरणाचा रंग तोच राहणार आहे का? सगळे माहीत असते तर मग लेजिओसचे काय झाले?

फळ्यावरचा_खडू
लेजिओसचे काय झाले ते कृपया लिहा, मुलांना सांगता येईल.

म्युनिकवासी
शंकेखोर यांनी माझ्याच पेटीतले हत्यार काढले. लेजिओस हा १९७६ साली सोडलेला गोळा. साठ सेंटिमीटर व्यास, चारशे किलोंहून थोडे जास्त वजन, अंगभर ४२६ लोलक बसवलेले, ना पंख, ना इंजिन, ना अँटेना. जमिनीवरून लेसर सोडायचा, लोलकांनी तो परत पाठवायचा आणि अंतर मोजायचे, एवढेच त्याचे काम. आकार मुद्दाम इतका साधा ठेवला होता की कक्षा बिघडायला वाव राहू नये. आणि तरीही तो जवळपास सहा हजार किलोमीटर उंचीवर, जिथे हवा असून नसल्यासारखी आहे तिथे, रोज एका मिलिमीटरहून किंचित जास्त खाली येताना आढळला.

विद्युतभारित कणांचा अडथळा थोडे कारण ठरला, पण मोठा वाटा निघाला उष्णतेचा. पृथ्वीकडून येणाऱ्या अवरक्त किरणांनी लोलकांची काच तापते, पण तापायला आणि निवायला वेळ घेते. पृथ्वीकडची बाजू सर्वाधिक तापते तोवर गोळा पुढे गेलेला असतो. त्यामुळे गरम बाजूने बाहेर पडणारी उष्णता नेमकी पृथ्वीच्या रेषेत न जाता थोडी तिरकी जाते, आणि तिचा उलटा धक्का गोळ्याला किंचित मागे ओढतो. डेव्हिड रुबिनकॅम यांनी १९८० च्या दशकात हा उलगडा मांडला. ज्याची इंचन् इंच माहिती होती अशा गोळ्याची ही कथा, मग पेटीपंखांच्या उपग्रहाबद्दल काय बोलावे!

म्हणून आम्ही मधली वाट धरतो. पेटीच्या सहा बाजू आणि पंख एवढाच ढोबळ आकार घ्यायचा, प्रत्येक बाजूच्या चकाकीचा मिळेल तो आकडा आरंभी ठेवायचा आणि निरीक्षणांना तो थोडाच हलवू द्यायचा. वर ईकॉमचे मोजके आकडे उरल्यासुरल्यासाठी. सस्पेन्स खाते बंद होत नाही, पण त्यातली शिल्लक लहान राहते.

मोजणीदार
मी जमीन मोजणीच्या कामात जीपीएसचे यंत्र घेऊन रानोमाळ हिंडतो. सरळ विचारतो, या सगळ्याने माझ्या बांधाचा दगड हलतो का?

म्युनिकवासी
नाही. तुमचे यंत्र जवळच्या स्थायी स्थानकाशी तुलना करून जागा काढते. उपग्रह आकाशात मीटरभर चुकला तरी ती चूक दोघांनाही जवळपास सारखीच लागते आणि वजाबाकीत निघून जाते. वीस हजार किलोमीटर दूरच्या उपग्रहाची एक मीटर चूक दहा किलोमीटरच्या अंतरावर फार तर अर्ध्या मिलिमीटरची होते. मात्र जवळ स्थानक न घेता एकट्या यंत्राने सेंटिमीटर गाठायचा असेल, किंवा भारतीय भूखंड वर्षाला किती सरकतो हे मोजायचे असेल, तर हा धागा तुमच्यासाठीही आहे.

उनाडपक्षी
दर मार्चमध्ये आमच्या गावात भरदुपारी टीव्हीवर मुंग्या येतात. तोही उन्हाचाच रेटा काय?

बूस्टर_निवृत्त
तो रेटा नव्हे. उपग्रहनियंत्रणात माझी नोकरी झाली, त्यामुळे हा प्रश्न नातेवाइकांकडून दरवर्षी ऐकतो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य काही मिनिटे तुमच्या तबकडीच्या नजरेत उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याच्या रेडिओलहरींत उपग्रहाचा क्षीण आवाज बुडून जातो. त्याच सुमारास, विषुवदिनांच्या आसपास, भूस्थिर उपग्रह (म्हणजे पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने आकाशात एकाच जागी दिसणारे) मध्यरात्रीकडे पृथ्वीच्या सावलीतून जातात, जास्तीत जास्त सव्वा तास. ती वेगळी गोष्ट, आणि त्या काळात उन्हाचा रेटा एकदम शून्य होतो.

इथे सगळी चर्चा जीपीएसची चालली आहे, म्हणून भूस्थिर उपग्रहांचेही नोंदवतो. तिथे ऊन कक्षेला सावकाश लंबगोल करते. फेरीच्या एका अर्ध्यात सूर्य उपग्रहाला पुढे रेटतो, दुसऱ्या अर्ध्यात मागे, आणि दोन्हींचा परिणाम एकाच बाजूला साचत जातो. लंबगोलपणाचा आकडा ०.०००३ इतका जरी झाला तरी उपग्रह रोज बारा-तेरा किलोमीटर वरखाली होतो आणि आपल्या जागेभोवती पूर्व-पश्चिम झुलतो. इंधन वाचवण्यासाठी कक्षेचा पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू सूर्याच्या दिशेला ठेवायचा आणि वर्षभर सूर्याबरोबर फिरू द्यायचा, ही जुनी युक्ती आहे. रेट्याशी भांडण्याऐवजी त्याच्या कलाने घ्यायचे.

दुसरा परिणाम वळवण्याचा. इन्सॅट-२ मालिकेत हवामानाची छायाचित्रे घेणारे उपकरण होते. त्याच्या शीतकाला एका बाजूचे थंड, मोकळे आकाश दिसत राहावे लागे, म्हणून त्या बाजूला सौर पंख लावताच येत नव्हते. पंख एकाच बाजूला असले की ऊन उपग्रहाला सतत पिळत राहते. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या बाजूला लांब दांड्यावर हलके सौर शीड बसवले होते, जे वीज तयार करत नसे, केवळ तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखे उन्हाचा रेटा झेलत असे. मंगळयानालाही पंख एकाच बाजूला होते, त्यामुळे तिथेही उन्हाच्या पिळाचा हिशेब ठेवावा लागे.

फळ्यावरचा_खडू
मग आपल्या ‘नाविक’ या भारतीय दिशादर्शन प्रणालीच्या उपग्रहांना हे जास्त जड जात असेल का?

बूस्टर_निवृत्त
एका अर्थाने हो. त्यांतले काही भूस्थिर आहेत आणि काही २९ अंश कललेल्या कक्षेत आकाशात इंग्रजी आठचा आकडा काढत फिरतात. जीपीएसचा उपग्रह जमिनीवरच्या स्थानकांना सतत वेगवेगळ्या कोनांतून दिसतो, त्यामुळे कुठला परिणाम उन्हाचा आणि कुठला उपग्रहावरच्या घड्याळाच्या चुकीचा हे वेगळे करता येते. भूस्थिर उपग्रह मात्र वर्षभर एकाच कोनातून दिसतो, आणि आकड्यांना एकमेकांपासून सोडवणे कठीण होते. म्हणून या उपग्रहांवर लेसरसाठी परावर्तक बसवले आहेत, स्वतंत्र ताळा म्हणून.

दुर्बीणवाला
लेसरच्या ताळ्यावरून आठवले. जीपीएसच्या जुन्या उपग्रहांपैकी दोघांवर असे परावर्तक होते, आणि लेसरने मोजलेले अंतर रेडिओवरून काढलेल्या कक्षेपेक्षा सतत काही सेंटिमीटर कमी येत असे. त्यातला एक भाग पुढे पृथ्वीवरून परतणाऱ्या उन्हाच्या आणि तिच्या उष्णतेच्या रेट्याने सुटला. पृथ्वीवर पडणाऱ्या उन्हापैकी तीस टक्के परत फिरते, ते उपग्रहाला खालून वर रेटते आणि कक्षा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने बदलते. उपग्रहाची स्वतःची अँटेना पृथ्वीकडे लहरी सोडते त्याचाही उलटा धक्का असतो. शंभर वॅटच्या दिव्याएवढ्या शक्तीचा धक्का, आणि तो कक्षेत दिसतो!

मी मात्र उलट्या बाजूने या विषयात आलो. ज्या वस्तूवर उन्हाचा रेटा फार पडतो ती आकाराच्या मानाने हलकी, म्हणजे पोकळ असणार. नोव्हेंबर २०१५ मध्ये श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रावर जळालेली डब्ल्यूटी-११९०-एफ ही वस्तू दगड नसून मानवी कचरा आहे, हे तिच्या कक्षेतल्या उन्हाच्या खुणेवरून ओळखले गेले. २०२० मध्ये लघुग्रह म्हणून सापडलेली ‘२०२० एसओ’ ही वस्तूही १९६६ च्या सर्व्हेयर-२ मोहिमेच्या अग्निबाणाचा रिकामा टप्पा निघाली. इथे सगळे ज्याला चूक म्हणून हाकलत आहेत, तीच तिथे ओळखपत्र ठरली.

म्युनिकवासी
सह्यकडा, एक राहिले. तुमचा उपग्रह सध्या सावलीच्या हंगामात आहे का? सूर्य कक्षेच्या पातळीपासून चौदा अंशांच्या आत आला की जीपीएसचा उपग्रह प्रत्येक फेरीत पृथ्वीच्या सावलीतून जातो. तुमचे गणित एका वेळी किती मिनिटे पुढे सरकते, म्हणजे टप्पा किती मिनिटांचा आहे?

सह्यकडा
पाच मिनिटांचा. टप्प्याच्या सुरुवातीला उपग्रह उन्हात असेल तर पूर्ण टप्पा उन्हात, नसेल तर पूर्ण टप्पा सावलीत.

म्युनिकवासी
सापडली. पाच मिनिटे ऊन जास्त धरले तर वेगात सेकंदाला ०.०३ मिलिमीटरची चूक होते. त्या वेळी रेटा बहुतांशी पृथ्वीपासून दूर जाण्याच्या दिशेला असतो, पण गतीच्या दिशेला त्याचा साधारण चौथा हिस्सा येतो. गतीच्या दिशेतली चूक साधी राहत नाही. पुढे रेटलेला उपग्रह उंच कक्षेत जाऊन उलट मागे पडतो आणि फरक तिप्पट वेगाने वाढतो. बारा तासांत जवळपास एक मीटर, आणि दिवसातून दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत आत शिरताना आणि बाहेर पडताना अशा दोन वेळा. सावलीची कड नेमक्या कोणत्या सेकंदाला लागते ते काढून टप्पा तिथे तोडा. कड एकदम काळी नसते, उपछायेत ऊन हळूहळू कमी होते, तेही धरा.

शंकेखोर
म्हणजे इतका वेळ आपण चकाकीवर भांडत होतो आणि चूक घड्याळात होती.

सह्यकडा
दोन रात्री जागून केले. सावलीच्या कडेवर टप्पा तोडल्यावर एका आकड्याच्या गोळ्यानेही फरक दीड मीटरवर आला. मग पाच आकडे घेतले आणि आदल्या तीन दिवसांवरून जुळवले. चोवीस तासांनंतरचा फरक अठरा सेंटिमीटर! बायकोला झोपेतून उठवून आकडा दाखवला, तिने “बरं” म्हटले.

अंगात आल्यावर गॅलिलिओ या युरोपीय दिशादर्शन प्रणालीचा एक उपग्रहही घेतला. त्याची पेटी अडीच मीटर लांब आणि त्या मानाने अरुंद असल्याने तेच पाच आकडे त्याला पुरेनात, फरक अर्ध्या मीटरच्या वर राहिला. पण युरोपीय यंत्रणेने २०१६-१७ मध्ये त्यांच्या उपग्रहांच्या बाजूंची क्षेत्रफळे आणि चकाकीचे आकडे जाहीर केलेले सापडले. ते घालून पेटी आणि पंख मांडले तेव्हा फरक निम्म्याहून खाली आला.

एक गोष्ट मात्र उरली. जीपीएसच्या उपग्रहाचा दांड्याच्या दिशेतला आकडा सावलीच्या हंगामाआधी एक येतो आणि हंगामात रोज थोडा निराळा. गणितात कुठे चुकलो आहे असे वाटत नाही.

म्युनिकवासी
तुम्ही चुकलेला नाही. सावलीत उपग्रहाला सूर्य दिसत नाही, त्यामुळे कुठे तोंड करावे हे त्याला ठरवावे लागते, आणि बाहेर आल्यावर नीट वळून बसायला काही पिढ्यांच्या उपग्रहांना बराच वेळ लागतो. तेवढ्या वेळात तुमचा दांडा तुम्ही समजता त्या दिशेला नसतोच. उपग्रह कोणत्या पिढीचा आहे ते कळवा, सावलीत तो कसा वळतो त्याचे सूत्र पाठवतो.

सह्यकडा
उद्या ऊसबिलांची तारीख आहे. रविवारी कळवतो.